मुलगी बघितली, मुलीला बघितलं

प्रश्न : सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४१, शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात त्या १४ वर्षं काम करतात. आधी बिलं, मग पॅकिंग लिस्ट आणि गेली सहा वर्षं परदेशी बायरांना जाणारे ईमेलही त्याच लिहितात. दोन वर्षांपूर्वी मालकांचा मुलगा बाहेरून शिकून आला. ताईंच्या ईमेलमध्ये ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ जिथे राहिले किंवा जास्तीचे पडले, तिथे तो लाल गोल करतो आणि त्याचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मागच्या महिन्यात एकाच ईमेलवर सतरा गोल पडले. आता त्याच छोट्या मालकांनी युरोपचा सगळा पत्रव्यवहार ताईंनी सांभाळावा, पगारही वाढवू, असं सुचवलं आहे. ताईंनी संक्रांतीच्या गड्ड्यापर्यंत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेपर्यंत, मुदत मागून घेतली आहे. नवरा म्हणतो, नको तो डोक्याला ताप. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणतो, सगळं सॉफ्टवेअरमध्ये टाका, ते करतं दुरुस्त. इंग्रजी माध्यमात नववीला असलेली मुलगी म्हणते, ‘आई, तुला साधं द येत नाही?’ ताई विचारतात : माझा पायाच कच्चा आहे. या वयात तो भरून निघेल का, की सरळ नाही म्हणू?

उत्तर :

ताई, नमस्कार.

पत्रासोबत त्या सतरा गोलांच्या ईमेलची प्रत जोडलीत ते फार बरं केलंत. एरवी अशा पत्रांना उत्तर देताना मला अंदाजानेच बोलावं लागतं. या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि एकेक गोल तपासला. शाळेत तेवीस वर्षं इंग्रजीचे पेपर तपासलेत, ती खोड जात नाही.

सतरापैकी दहा ठिकाणी तुमचं चुकलं आहे, पण अर्थ जागच्या जागी आहे. ‘वी हॅव रिसीव्ह्ड बॅलन्स पेमेंट’ लिहिलंत, तिथे ‘द बॅलन्स पेमेंट’ हवं होतं. पण पैसे पोचले हे त्या जर्मन माणसाला कळलं, त्याचं काम झालं. चार ठिकाणी दोन्ही चालतं. ‘बाय एंड ऑफ मार्च’ आणि ‘बाय द एंड ऑफ मार्च’, व्यापारी पत्रांत दोन्ही सर्रास दिसतं. आणि दोन ठिकाणी, ताई, तुमचं बरोबर होतं, गोलच चुकला आहे. तुम्ही ‘ए युरोपियन बायर’ लिहिलंत, ते खोडून ‘ॲन’ केलंय. ‘वी आर वेटिंग फॉर फीडबॅक’मध्ये फीडबॅकच्या आधी एक ‘ए’ घुसवलाय. दोन्ही दुरुस्त्या चूक. (ग्रुपवर टाकायचा मोह होईल. टाकू नका.)

राहिला एक. ‘फ्यू कार्टन्स हॅव शेड व्हेरिएशन.’ त्याच्याकडे थोड्या वेळाने येते, कारण सतरांत खऱ्या मोलाचा गोल तोच आहे, आणि तोही बाकीच्या सोळांइतकाच काढलाय. माझी मुख्य तक्रार ही आहे. टाचणीची आणि विळीची जखम एकाच मापाच्या पट्टीने बांधली, तर माणसाला आपल्याला नेमकं कुठे लागलंय तेच कळेनासं होतं. तुमचं तसं झालंय. सतरा गोल बघितलेत आणि म्हणालात, पायाच कच्चा आहे.

जरा थांबा. पाया कच्चा असलेल्या बाईने सहा वर्षं कंटेनर परदेशी पाठवले, एलसीची (बँकेच्या पतपत्राची) कागदपत्रं वेळेत बँकेत लावली, लॅब डिप (रंगाचे नमुने) मंजूर करून घेतले आणि या सगळ्यात इंग्रजीमुळे एकदाच घोळ झाला? पाया चांगला भक्कम आहे. दारावरच्या तोरणाची चार पानं वाकडी लागलीत, एवढंच.

आणि ती वाकडी लागणारच होती. मराठीत उपपद, म्हणजे ‘ए’, ‘ॲन’, ‘द’सारखा शब्द, नाही. कन्नडमध्ये नाही, तेलुगूत नाही, उर्दूत नाही. म्हणजे बाळीवेशीतून निघून अशोक चौकापर्यंत चालत गेलात, तर वाटेत कानावर पडणाऱ्या एकाही भाषेत ही भानगड नाही. रशियन, जपानी, चिनी माणूसही इंग्रजी शिकताना इथेच अडखळतो. बाकी सगळं जमतं आणि ही एवढीशी अक्षरं शेवटपर्यंत छळतात. माझ्या शेजारच्या आजी घरात तेलुगू बोलतात आणि माझ्याशी चाळीस वर्षं मराठी. ‘भाकरी गरम आहे, तो खाऊन जा’ म्हणतात. मी त्यांच्या भाकरीला कधी लाल गोल केला नाही. खाल्ली. आपण सोलापूरकर स्वतः ‘काय करलालाव?’ म्हणतो, ते पुण्यातल्या व्याकरणाच्या पुस्तकात कुठे आहे? मंगळवार बाजारात त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

आता तुम्ही धरून चाललेली दुसरी गोष्ट : ‘आपल्याला हे येतच नाही.’ येतं. रोज करता. फक्त मराठीत त्यासाठी वेगळा शब्द नसल्यामुळे आपण काही करतोय हे लक्षात येत नाही.

‘रविवारी मुलगी बघितली’ आणि ‘रविवारी मुलीला बघितलं’. पहिल्या वाक्यात पोहे आहेत, चहा आहे, लग्नाची बोलणी आहेत. मुलगी कोण हे ऐकणाऱ्याला माहीत नाही. दुसऱ्या वाक्यातली मुलगी त्याच्या ओळखीची आहे, कदाचित दवाखान्यात आहे. एका ‘ला’ने एवढा फरक पडला. ‘डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कुणीही चालेल, पोटात दुखतंय. ‘डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे ठरलेले डॉक्टर, ते राउंडला कुठे गेलेत कोण जाणे. तुमच्याच कारखान्यातलं घ्या. वॉचमन आत येऊन म्हणाला, ‘गेटवर ट्रक उभा आहे,’ तर तुम्ही विचाराल, कुणाचा? तो म्हणाला, ‘ट्रक गेटवर उभा आहे,’ तर तुम्ही विचारणार नाही. सकाळपासून ज्याची वाट बघताय तोच तो. शब्द तेच, फक्त जागा बदलल्या. पहिला इंग्रजीत ‘ए ट्रक’, दुसरा ‘द ट्रक’. वॉचमनला हे कुणी शिकवलं नाही.

आटपाट नगराच्या कहाण्या आठवा. तिथे एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा ‘एक राजा’, दुसऱ्यांदा नुसता ‘राजा’, कारण आता तो आपल्या ओळखीचा झाला. इंग्रजीत हेच ‘ए किंग’ आणि मग ‘द किंग’. गंमत म्हणजे इंग्रजांनीही ही अक्षरं आकाशातून आणली नाहीत. त्यांचा ‘ॲन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘एक’ हाच शब्द झिजून झालेला, आणि त्यातला ‘न’ही पुढे व्यंजनाआधी गळून पडला. ‘द’ हा दर्शक सर्वनामाच्या घराण्यातला, म्हणजे आपल्या ‘तो-ते’चा आणि संस्कृतातल्या ‘तद्’चा लांबचा भाऊबंद. आपण ‘एक’ आणि ‘तो’ गरज लागेल तेव्हाच काढतो, ते लोक उठताबसता वापरतात. फरक सवयीचा आहे.

मग शाळेत हे का कळलं नाही? तुमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. पण खरं कारण ते नाही. खरं कारण म्हणजे ‘गाळलेल्या जागा भरा’. ‘आय सॉ डॅश एलिफंट’, एक गुण, उत्तर ‘ॲन’. आता समजा सर्कशीतला हत्ती सुटलाय, सगळ्या पेठेला खबर आहे आणि तुम्ही धापा टाकत घरात शिरून म्हणालात, दिसला. तर तिथे ‘द’ हवा! पेपरातल्या हत्तीला पुढची-मागची गोष्टच नव्हती. ऐकणारा कोण, त्याला काय ठाऊक, काहीच नाही. उपपद वाक्यात शोधायला शिकवलं. ते बसलेलं असतं ऐकणाऱ्याच्या डोक्यात. तेवीस वर्षं मीही असंच शिकवलं. तुमच्याच पिढीला शिकवलं असेल. तेव्हा सतरांतले निम्मे गोल माझ्या नावावर टाकायला हरकत नाही.

तर नियमांच्या याद्या बाजूला ठेवा. नामाच्या आधी थांबून एकच विचारायचं : हे वाचून बायरने ‘कोणतं?’ असं विचारलं, तर उत्तर आधीच त्याच्याजवळ आहे का? असेल तर ‘द’. नसेल, आणि वस्तू मोजण्यातली आणि एकच असेल, तर ‘ए’ किंवा ‘ॲन’. नसेल, आणि वस्तू अनेक किंवा न मोजण्यातली असेल, तर काहीच नाही. ‘वी आर सेंडिंग ए न्यू सॅम्पल’ : कोणतं ते त्याला ठाऊक नाही, पहिल्यांदाच ऐकतोय. पुढच्या वाक्यात ‘द सॅम्पल इज ५०० जीएसएम’ : आता ठाऊक झालं. अगदी राजासारखं. पण ‘पहिल्यांदा ए, दुसऱ्यांदा द’ असं घोकू नका, फसाल. ‘द कंटेनर लेफ्ट येस्टर्डे’ हे ईमेलचं पहिलंच वाक्य असलं तरी ‘द’च, कारण बायर पंधरा दिवस त्याच कंटेनरची वाट बघतोय. तो तुमच्या वॉचमनचा ट्रक आहे.

तुमच्या ईमेलमध्ये मला आणखी एक दिसलं. पहिल्या परिच्छेदात ‘द’ कमी आहेत, शेवटच्यात भारंभार आहेत. ‘द कॉटन इज सॉफ्ट’, ‘द टॉवेल्स आर यूज्ड इन द हॉटेल्स’. घाबरलेला माणूस ‘द’ जास्त लावतो, मीठ कमी पडलं असेल या भीतीने परत परत चिमूट टाकावी तसं. कापूस या जातीबद्दल सर्वसाधारण बोलताना काही लागत नाही : ‘कॉटन इज सॉफ्ट’. या टॉवेलमधल्या कापसाबद्दल बोलताना लागतं : ‘द कॉटन इन धिस टॉवेल’. तिथे परत तोच प्रश्न, कोणता कापूस? या टॉवेलमधला.

‘ए’ की ‘ॲन’ याचं तर तुम्ही ओझं घेऊच नका. देवनागरी लिहिणाऱ्याला ते इंग्रज पोरांपेक्षा सोपं आहे. शब्द मनातल्या मनात मराठीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘ए’. अवर : स्वर, म्हणून ‘ॲन अवर’, स्पेलिंगमध्ये ‘एच’ असला तरी. युरोपियन : ‘य’, म्हणून ‘ए युरोपियन’, स्पेलिंग ‘ई’ने सुरू झालं तरी. युनिट, युनिव्हर्सिटी, यूपीआय : ‘ए’. एलसी, एमआरआय, एक्स-रे, ऑनेस्ट : ‘ॲन’. वन-इयर : ‘ए’. इंग्रजीत अक्षर एक आणि उच्चार दुसरा असल्यामुळे त्यांना नियम लागतो. आपली लिपी उच्चारच लिहिते, त्यामुळे उत्तर पाटीवरच असतं. छोट्या मालकांचा गोल चुकला तो यामुळेच. ते स्पेलिंग बघून गेले, तुम्ही कानाने गेलात.

न मोजता येणाऱ्या शब्दांची मात्र कटकट आहे, कारण तिथे मराठी कान दगा देतो. इन्फर्मेशन, फीडबॅक, मशिनरी, इक्विपमेंट, लगेज यांच्या आधी ‘ए’ बसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲडव्हाइस. मी दर आठवड्याला एक सल्ला देते, क्वचित दोन. इंग्रजीत गेले तर मला सुटा सल्ला देताच यायचा नाही, ‘ए पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणून सल्ल्याचा तुकडा मोडून द्यावा लागेल. अशा दहा-बारा शब्दांना पाठांतराशिवाय इलाज नाही. तुमच्या धंद्यात तेवढेच येतात.

जागांची नावं उरकून टाकू. गावाला, रस्त्याला, बहुतेक देशांना काही नाही : सोलापूर, होटगी रोड, जर्मनी. नदीला आणि गाडीला ‘द’ : द भीमा, द सिद्धेश्वर एक्स्प्रेस. देशांत तुमच्या कामाचे अपवाद नेदरलँड्स, यूके आणि यूएस, तिघांनाही ‘द’. आपल्याकडच्या जुन्या सहकारी बँकांच्या पाट्यांवर नावाआधी ‘दि’ रंगवलेला असतो, तो बघून गोंधळू नका. नावातला ‘दि’ ही जुन्या जमान्यातली ऐट आहे. आणि उच्चार ‘दि’ होतो तो स्वराआधी, ‘दि इन्व्हॉइस’, हेही जाता जाता.

आता तो एक गोल.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की त्या ईमेलनंतर बायरने पैसे कापले आणि कारण तुम्हाला नीट कळलं नाही. मला वाटतं, कारण हेच. ६४० कार्टनपैकी ३८ मध्ये शेडचा फरक होता. तुम्हाला म्हणायचं होतं, काही कार्टनमध्ये फरक आहे, बघून घ्या. तुम्ही लिहिलंत ‘फ्यू कार्टन्स’. ‘ए फ्यू’ म्हणजे काही. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. मराठीत ‘थोडे डागी आहेत’ आणि ‘थोडेच डागी आहेत’ यात जेवढा फरक, तेवढा. ‘थोडे’ ऐकलं तर दुकानदार गठ्ठा सोडून बघतो, ‘थोडेच’ ऐकलं तर तसाच फडताळात ठेवतो. तुमच्या बायरने तसाच ठेवला, माल दुकानांत गेला, तक्रारी आल्या. त्याला वाटलं तुम्ही दोष झाकलात. तुम्ही तर सांगितला होता! आपल्याकडे ‘ए फ्यू’च्या जागी ‘फ्यू’ सर्रास लिहितात, त्यामुळे ऑफिसात कुणाला खटकलं नसणार. ‘लिटल’ आणि ‘ए लिटल’चं असंच आहे.

उपपद म्हणजे नुसती रांगोळी, असं म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव केला. त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. म्हणजे सगळे प्रदेश की त्यातले काही? फ्रेंच मसुद्यात जे उपपद आहे त्यातून ‘ते प्रदेश’ असा अर्थ निघतो. यावरून अर्धशतकाहून जास्त काळ मुत्सद्दी आणि वकील भांडतायत. तुमच्या ३८ कार्टनचा हिशेब त्या मानाने लवकर मिटला.

यातून तुमच्यासाठी मला सुचलेली गोष्ट मात्र व्याकरणाची नाही. पैशाचा, दोषाचा, तारखेचा विषय असेल तिथे ‘फ्यू’ही नको आणि ‘ए फ्यू’ही नको. सरळ आकडा लिहा. ‘३८ ऑफ द ६४० कार्टन्स’. मग चुकायला जागाच उरत नाही. दावे आणि तक्रारींच्या ईमेलना वेगळी शिस्त लावा : लिहिल्यावर दहा मिनिटं थांबायचं, मोठ्याने वाचायचं, मग पाठवायचं. रोजच्या ‘माल निघाला, कागद पाठवतोय’ला एवढं करायची गरज नाही.

आणि हे करा. पाठवलेल्या ईमेलमधले शेवटचे वीस काढा. तुमचा पत्रव्यवहार त्याच तीस-चाळीस नामांभोवती फिरतो हे दिसेल. दि इन्व्हॉइस, ए रिव्हाइज्ड इन्व्हॉइस, द बॅलन्स पेमेंट, ॲन एक्स्टेन्शन, ए डिस्काउंट, दि अप्रूव्ड शेड. उपपदासकट अख्खी जोडी वहीत उतरवा, नुसतं नाम नको. ‘चादर’ शिकताना आपण ‘ती’ वेगळी शिकलो नाही, जोडीनेच कानात गेली. तीन महिन्यांच्या क्लासला पैसे भरायच्या आधी ही वही भरा. क्लासात परत हत्तीच भेटेल.

सॉफ्टवेअरबद्दल शेजारच्या टेबलावरचा मुलगा अर्धा बरोबर आहे. ते वापरा, त्यात कमीपणा नाही. मीही वापरते. पण आधी स्वतः लिहा, मग त्याला दाखवा आणि त्याने बदललेली प्रत्येक जागा बघा. त्याला एक गोष्ट कधीच ठाऊक नसते : बायरला काय ठाऊक आहे. ‘ए सॅम्पल’ की ‘द सॅम्पल’ हे ठरतं त्याच्या टेबलावर आधीचा नमुना पडलाय की नाही यावर. ते तुम्ही जाणता, कारण कुरिअरची पावती तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. तुमच्या ‘फ्यू’ला तर ते हातही लावणार नाही अशी शक्यता आहे, कारण ‘फ्यू कार्टन्स’ हे इंग्रजी म्हणून शुद्ध आहे. फक्त खोटं आहे. आणि दर, बायरचं नाव, बँकेचे तपशील असलेला मजकूर बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवण्याआधी मालकांना विचारा.

छोट्या मालकांचं काय? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. चूक दाखवणं हा त्यांचा हक्क आहे, ग्रुपवर फोटो टाकणं हा उद्धटपणा आहे. पण तो मुलगा दुष्ट नसावा. जिच्या ईमेलवर सतरा गोल करतो तिलाच युरोप सोपवतोय, म्हणजे तुमची किंमत त्याला कळते. आपल्या गोलांनी काय होतं हे बहुधा कळत नाही. तेव्हा जेवणाच्या सुट्टीनंतर, केबिनमध्ये कुणी नसताना जा आणि एवढंच म्हणा : ‘सर, तुम्ही चुका दाखवता त्याचा मला उपयोग होतो. पण ग्रुपवर नको, मला एकटीला पाठवा. आणि जिथे अर्थ बदलतो तिथे दोन गोल करा, बाकी ठिकाणी एक.’ आवाज चढवायचा नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही. ३८ कार्टनचा हिशेब मात्र सोबत न्या. कुठल्या गोलाला किती पैसे लागतात ते त्यांना त्यातून दिसेल. ‘युरोपियन’चा विषय त्या दिवशी काढू नका. पुढे कधीतरी, चहा पिताना. तरीही त्यांनी फोटो टाकणं थांबवलं नाही, तर मोठे मालक अजून ऑफिसात येतात असं तुम्हीच लिहिलंय.

आणि प्रस्तावाला हो म्हणा, असं माझं मत. युरोपच्या टेबलाला लॅब डिप वाचणारा माणूस लागतो. कंटेनर अडकला तर कुणाला फोन करायचा, कुठला बायर शेडवर हटून बसतो आणि कुठला तारखेवर, हे ठाऊक असणारा लागतो. ते चौदा वर्षांत तुमच्याकडे साचलंय, त्या मुलाला ते यायला वेळ आहे. दोन अटी मात्र घाला. पगारवाढ आकड्यासह कागदावर घ्या, इथेही ‘थोडी’ की ‘थोडीच’ हा घोळ नको. आणि पहिले तीन महिने दाव्या-तक्रारींचे ईमेल दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जातील अशी सोय मागा. त्यात नामुष्की नाही, चांगल्या ऑफिसात तसंच चालतं.

तुमच्या मिस्टरांचा ‘डोक्याला ताप’ मी हसण्यावारी नेणार नाही. रोज संध्याकाळी तुम्ही पडलेल्या चेहऱ्याने घरी येता ते त्यांना दिसतं. त्यांना नोकरी नको नाहीये, तो चेहरा नकोय. गोल ग्रुपवरून हटले की परत विचारा त्यांना. आणि हो सांगायला गड्डा उठायची वाट कशाला बघता? होम मैदानावर पाळणे लागायच्या आत सांगून टाका. जत्रेत मोकळ्या मनाने जाता येईल.

राहता राहिली लेक. तिच्यावर रागावू नका, ‘द’ तिला येतो. पण का येतो ते विचारून बघा, सांगता येणार नाही. देवनागरीची ती ‘ए-ॲन’ची युक्ती तिला तुम्हीच शिकवा, तिच्या बाईंनी सांगितलेली नसेल. आणि एक दिवस तिला कारखान्यात न्या, मागांसमोर उभी करा आणि विचारा : सगळं एकाच सुताचं, मग ती चादर, तो टॉवेल आणि ते कापड, असं का गं? उत्तर मिळालं तर मलाही कळवा. मला अजून सापडलेलं नाही.